पाठ बघा लिफाफ्याची

मी लिफाफा बोलतोय. साधा, कागदाचा, कडांना पिवळा पडलेला. माझं बोलणं संथ आहे, पहिल्यापासूनच. पण संथ बोलणाऱ्याला राग येत नाही असं समजू नका. साठ वर्षं मी राग धरून आहे आणि तो अजून ताजा आहे.

माझ्याकडे बघून लोक 'अहाहा' म्हणतात. कारण माझ्या उजव्या कोपऱ्यात एक लाल तिकीट आहे. एक्सप्रेस टपाल नवीन सुरू झालं, त्या पहिल्या महिन्यातलं. हे तिकीट लावलं की पत्राने इतरांबरोबर ताटकळायचं नाही. पोचल्याबरोबर त्याला वेगळा माणूस, वेगळी सायकल, आणि थेट दारापर्यंत. तिकिटावर चित्रही तेच छापलंय: सायकलवर पुढे वाकलेला एक माणूस, खांद्याला पिशवी. त्या छापील माणसाला लोक भिंगाखाली घेतात, त्याच्या टोपीच्या रेषा मोजतात. खऱ्या माणसाबद्दल कुणी विचारत नाही. माझा राग तिथूनच सुरू होतो.

माझा जन्म बंदराजवळच्या कागदाच्या दुकानातला. शंभर भावंडांच्या गठ्ठ्यात मी बांधलेला होतो. एके दिवशी एक खलाशी धापा टाकत आला. जहाज संध्याकाळी सुटणार होतं आणि त्याची बायको दूरच्या गावी दवाखान्यात होती. ती शिवणकाम करायची, पायाने चालवायच्या यंत्रावर. गंजलेली सुई पायाच्या बोटात घुसली, बोट चिघळलं, विष वर चढू लागलं. शस्त्रक्रिया करायला नवऱ्याची सही हवी, असा तिथला नियम. सही तारेने पाठवता येत नाही.

"उद्या दुपारच्या आत पोचेल ना?" त्याने खिडकीतल्या बाईला विचारलं.

"सकाळीच पोचेल. एक्सप्रेस आहे, दादा. हे नवीन तिकीट बघा."

त्याने सही केलेला कागद माझ्या पोटात घातला आणि मला चाटून बंद केलं. त्याची जीभ कोरडी होती, दोनदा चाटावं लागलं. शिक्का मारणाऱ्या बाईने तिकिटाच्या मधोमध, अगदी गोल, सुबक शिक्का उठवला. तिचा बिचारीचा काही दोष नाही. पण तो शिक्का थोडा वेडावाकडा बसला असता तर एका बाईचा पाय आणि एका माणसाची भाकरी वाचली असती, असं मला आजही वाटतं.

रात्रभर गाडीत थैलीत होतो. सकाळी त्या गावच्या टपाल कचेरीत थैली उघडली. छाटणीवाल्याने नियमाप्रमाणे मला उलटं केलं आणि पाठीवर पोचल्याचा शिक्का मारला. तारीख, आणि वेळ नऊ चाळीस. मनात म्हटलं, झालं काम. आता सायकल, आता दार.

तेवढ्यात पोस्टमास्तर तिथून गेले.

पोस्टमास्तरांना तिकिटं जमवायचा नाद होता. तसा नाद वाईट नाही. माणूस भला होता, कुणाला कधी उणा शब्द बोलला नव्हता. पण ते नवीन लाल तिकीट, असं पत्रावर लावून प्रवास करून आलेलं, त्यांनी अजून पाहिलं नव्हतं. मला बघून त्यांचे डोळे असे झाले, जसे दुकानाच्या काचेला नाक लावणाऱ्या पोराचे व्हावेत.

"अरे वा! शिक्का बघा, शिक्का! एक टिंब सांडलेलं नाही. पण कोपरा दुमडलाय रे ह्याचा."

खरंच माझा एक कोपरा दुमडला होता. थैलीत होतंच तसं. पोस्टमास्तरांचा विचार असा, की पत्र पोचलं की चार दिवसांनी त्या घरी जाऊन रिकामा लिफाफा गोडीने मागून घ्यायचा. मग कोपरा आत्ताच सरळ केलेला बरा. पाच मिनिटांचं काम. त्यांनी मला खोलीत नेलं, आवकीच्या जाडजूड रजिस्टरात ठेवलं आणि वर दुसरं रजिस्टर दडपलं.

पाच मिनिटं! कोपरा सरळ करायला! मला पळायला जन्माला घातलं होतं हो, आणि मला इस्त्रीला ठेवलं.

पाच मिनिटांनी वरचे साहेब तपासणीला आले. अचानक. मग कपाटं उघडा, तिकिटांचा साठा मोजा, चहा आणा, खुर्ची पुसा. साहेब जेवले, साहेबांनी डुलकी काढली, साहेब बोलत बसले. मी दोन रजिस्टरांच्या मध्ये. बाहेर भिंतीवरच्या घड्याळाचे ठोके ऐकू येत होते. अकरा. बारा. एक. दोन वाजले तेव्हा मी ओरडलो. कागदाचं ओरडणं कुणाला ऐकू येतं?

चार वाजता साहेब गेले आणि पोस्टमास्तरांना मी आठवलो. त्यांनी मला रजिस्टरातून ओढून काढलं. कोपरा मात्र छान सरळ झाला होता.

घाईत, सवयीने, त्यांनी माझ्या पाठीवर स्वतःच्या हाताने रवानगीचा शिक्का मारला. आकडे फिरवून, वेळ बरोबर लावून. चार दहा. वीस वर्षांची सवय, हात खोटं बोलायला शिकलाच नव्हता. खोटं नंतर तोंडाने बोलले.

"सात नंबर! पळ!"

सात नंबर म्हणजे एक्सप्रेसचा पोस्टमन. खरा सायकलवाला. त्याने कसलाही प्रश्न विचारला नाही. मला छातीशी खिशात घातलं आणि जो सुटला, तो चढावरसुद्धा उतरला नाही. त्याच्या छातीची धडधड माझ्या कागदात उतरत होती. मी पुष्कळांच्या हातांतून गेलोय, पण माझ्यासाठी धावलेला माणूस तो एकच. दवाखान्याच्या दारात त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि पोचल्याची वेळ माझ्या पाठीवर लिहिली: ४-३५. शेजारी आपला नंबर, ७. पंचवीस मिनिटांत त्याने गाव पालथं घातलं होतं.

शिवणवाल्या बाईच्या उशाशी तिची थोरली बहीण बसली होती. तिने केसांतला आकडा काढला आणि मला अलगद उघडलं. आतला कागद काढला आणि तशीच आकड्यासकट डॉक्टरच्या खोलीकडे धावली. परत आली ती भिंतीला धरून.

"डॉक्टर दोनलाच घरी गेले गं. आता उद्या."

मग ती पोस्टमनकडे वळली. तो दारात घाम पुसत उभा होता.

"कुठं बसला होतात हो दिवसभर? झाडाखाली?"

"ताई, हातात पडलं तसं आणलं. पाठीवर वेळ आहे बघा."

पाठ कोण बघतो? तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी गादीवर पालथा पडलो होतो, माझी पाठ छताकडे होती, सगळं स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि कुणी वाचलं नाही.

त्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली असती तर बोटावर निभावलं असतं. दुसऱ्या दिवशी गुडघ्याखालून पाय गेला. यंत्र चालवायचा पाय.

बहिणीने तक्रार केली. चौकशी लागली, आणि चौकशी कुणाकडे? पोस्टमास्तरांकडेच. ते फळं घेऊन दवाखान्यात आले, हळहळले, आणि "चौकशीसाठी लिफाफा लागेल" म्हणून मला घेऊन गेले. अहवालात लिहिलं की पत्र सकाळी दहालाच सात नंबरला दिलं होतं, तो वाटेत रेंगाळला.

"साहेब, लिफाफ्याची पाठ बघा," सात नंबर म्हणाला. मी तेव्हा टेबलाच्या खणात होतो, त्याच्यापासून हातभर अंतरावर.

"लिफाफा गहाळ झालाय," पोस्टमास्तर म्हणाले.

"सापडेल साहेब. सापडला की पाठ बघा."

त्याची टोपी काढून घेतली. पिशवी काढून घेतली. सायकल तर कचेरीचीच होती.

मला फाडून टाकायचं धाडस मात्र पोस्टमास्तरांना झालं नाही. तिकीट होतं ना माझ्यावर! आपल्या अब्रूपेक्षा त्यांना ते प्यारं होतं. मग त्यांनी काय केलं? ते इतर लिफाफे अल्बममध्ये कागदाच्या कोपऱ्यांत बसवायचे, हवे तेव्हा काढता यावेत म्हणून. मला त्यांनी पाठीला भरपूर डिंक फासून पानावर थापलं. भिंतीला चुना थापतात तसं. आणि खाली सुंदर अक्षरात लिहिलं: 'पोस्टमनच्या हयगयीमुळे विलंबाने पोचलेले एक्सप्रेस टपाल. दुर्मीळ.'

त्या वाक्याच्या डोक्यावर मी साठ वर्षं बसलो. खोटं माझ्या पायाशी आणि खरं माझ्या पाठीखाली, डिंकात. ह्याहून वाईट शिक्षा कुठल्या चोराला दिली असेल तर सांगा मला.

पोस्टमास्तर गेले. मुलांनी अल्बम विकले. दोन-तीन हात फिरून मी त्याच गावातल्या एका दातांच्या डॉक्टरकडे आलो. ह्या डॉक्टरांना नाद होता तो फक्त जुन्या एक्सप्रेस टपालाचा, आणि बोलायची हौस दांडगी. दुखणाऱ्या माणसाचं लक्ष उडवायला ते अल्बम उघडून दाखवत. तोंड उघडं असलेला माणूस उठून जात नाही आणि 'पुरे' म्हणत नाही, त्यामुळे त्यांना ऐकणारे भरपूर.

त्यांच्याकडे कवळी बसवून घ्यायला एक बाई आल्या. सत्तरीच्या. जन्मभर बसमध्ये कंडक्टर होत्या. प्रत्येक वेळी दिलेल्या वेळेच्या आधी तासभर येऊन बसायच्या. डॉक्टरांची बायको बाहेर नावं लिहून घ्यायची, ती म्हणाली, "मावशी, अहो दहाची वेळ आहे तुमची. नऊला काय येता? आमची झाडलोटही व्हायचीय."

"असू दे बाई. उशीर नको."

"तासभर आधी येणं म्हणजे काय उशीर टाळणं झालं?"

"आमच्या घराला एक उशीर जन्मभर पुरलाय."

त्या दिवशी डॉक्टरांनी मावशींच्या तोंडात मापाचा साचा घातला, मऊ लगद्याने भरलेला. "पाच मिनिटं हलायचं नाही हं." आणि अल्बम उघडला. "तोवर हे बघा. माझ्याकडचा सगळ्यात भारी लिफाफा. हे तिकीट बघा, हा सायकलवाला. आणि गंमत बघा, खाली काय लिहिलंय. पोस्टमन वाटेत झोपला आणि पत्राला उशीर! एका बाईचा पाय गेला म्हणे त्यात. काय लोक असतात एकेक."

मावशींनी पत्त्यातलं गावाचं नाव वाचलं, शिक्क्यावरची तारीख वाचली. त्यांचे हात खुर्चीवर आवळले. तोंडातून घशातला आवाज तेवढा आला.

"दुखतंय का? नाकाने श्वास घ्या."

डोळ्यांतून पाणी वाहून कानांत गेलं. हलल्या मात्र नाहीत. पूर्ण पाच मिनिटं. साचा निघाल्याबरोबर, तोंड न पुसता त्या म्हणाल्या, "पाठ बघितलीत ह्याची?"

"कसली पाठ?"

"लिफाफ्याची. तो झोपलेला पोस्टमन माझा बाप."

डॉक्टरांनी साचा खाली ठेवला.

मग जे माझ्या पाठीमागे घडलं होतं ते मी त्यांच्या तोंडून ऐकलं. नोकरी गेल्यावर बाप लाकडाच्या वखारीत ओंडके उचलू लागला. गावाने त्याचं नाव ठेवलं गोगलगाय. पोरं रस्त्यात मागे चालायची, एक पाऊल टाकून थांबायची, पुन्हा एक पाऊल. शाळेत मावशींचं नाव 'गोगलगायीची पोर'. शिवणवाली बाई त्याच आळीत कुबडीवर जायची, तेव्हा हा माणूस भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. "मरेपर्यंत एकच बोलणं. लिफाफा सापडला की पाठ बघा. आई म्हणायची, सोडा आता. नाही सोडलं."

"वाईट वाटलं मावशी," डॉक्टर म्हणाले. "पण हा निघायचा नाही. पूर्ण चिकटवलाय. पाण्याचा ओलावा लागला तर ह्या तिकिटाचा लाल रंग उतरतो. पहिल्या छपाईचा रंग कच्चा होता. अशी तिकिटं बोटांवर मोजण्याएवढी उरलीत."

ऐकलंत? रंग कच्चा! एका माणसाचं जन्माचं नाव पुसलं ते चालतं, तिकिटाचा रंग उतरायला नको. मला पान फाडून उभं राहावंसं वाटलं.

मावशी उठल्या, पदर नीट केला. "ठीक आहे. मग मीही तोंड उघडणार नाही."

पुढच्या आठवड्यात आल्या, नऊला. खुर्चीत बसल्या. डॉक्टर म्हणाले, "आ करा." ओठ घट्ट मिटलेले.

"मावशी, कवळी तयार आहे. बसवून बघायला नको?"

मान नाही म्हणून हलली.

त्याच्या पुढच्या आठवड्यात तेच. बाहेर माणसं खोळंबली. शेवटी बायकोच आत आली. "अहो, तुम्ही लोकांची मुळं हाडातून काढता, हिरडीला धक्का न लावता. एक कागद सोडवता येत नाही तुम्हाला?"

"तिकीट खराब झालं तर?"

"त्यांचा बाप खराब झालाय. तो कोण भरून देणार?"

डॉक्टरांनी खणातून कात्री काढली. मग मला पानासकट अल्बममधून कापून वेगळं केलं.

तीन दिवस लागले. समोरून कोरडं ठेवायचं आणि मागच्या पानाला टिपकागदातून दमट करायचं, इतकं हळू की डिंकाला कळू नये. हिरड्या सोडवायचं ते पातळ हत्यार त्यांनी माझ्या आणि पानाच्या मध्ये सरकवलं. केसभर, मग आणखी केसभर. माणूस वाईट नव्हता, हात तर देवमाणसाचा होता. पण एका ठिकाणी ओल पुढे झिरपली आणि तिकिटावरच्या छापील सायकलवाल्याचं मागचं चाक लाल पसरलं. डॉक्टर हाय म्हणाले. मी नाही हळहळलो.

तिसऱ्या दिवशी माझी पाठ सुटली. साठ वर्षांनी तिला वारा लागला.

मावशी उभ्याने बघत होत्या. नऊ चाळीसचा शिक्का. चार दहाचा शिक्का. त्याखाली पेन्सिल, अजून चांदीसारखी चमकणारी. त्यांनी बोट जवळ नेलं, पण टेकवलं नाही.

"हा सात बघा. असा शेपटी ओढून सात कुणी काढत नाही. मीच शिकवला होता त्यांना. मला नीट येत नव्हता, म्हणून त्यांनाही तसाच आला."

डॉक्टरांनी तोंडातल्या तोंडात वजाबाकी केली. "पंचवीस मिनिटं. त्या चढावरून. मी मोटारीने वीस घेतो." मग एकदम हरखले. "मावशी, हे तर प्रदर्शनात लावायलाच हवं! समोरून तिकीट, आणि शेजारी पाठीचा मोठा फोटो."

"फोटो कशाचा?" मावशींचा आवाज असा झाला की बायको दारातच थांबली. "तुमच्या तिकिटाचा लावा फोटो. पाठ खरीच लावायची."

"अहो, परीक्षक तिकीट बघायला येतात. तिकीट भिंतीकडे केलं तर एक गुण मिळायचा नाही."

"माझा बाप वीस वर्षं भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्या तिकिटाला चार दिवस राहू दे."

आता मी प्रदर्शनात आहे. काचेच्या मागे, ओळीत माझ्यासारखे तीसेक लिफाफे, सगळे तोंड पुढे करून, तिकिटं मिरवत. मी एकटा पाठमोरा. माझ्या खाली पोस्टमास्तरांचं ते सुंदर अक्षरातलं वाक्य जसंच्या तसं लावलंय. डॉक्टर ते काढणार होते. मावशी म्हणाल्या, राहू द्या, वाचू दे लोकांना दोन्ही.

मावशी समोरच्या बाकावर बसतात. दार उघडायच्या आधी तासभर येतात. कवळी बसवून घेतलीय, हसतात मात्र कमी.

काल परीक्षक आले. चष्मा वर करून म्हणाले, "हा चुकून उलटा लागलाय. सरळ करा."

डॉक्टरांनी मावशींकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सरळच आहे," म्हणाले.

परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढे गेले. पुढच्या लिफाफ्याच्या सुबक शिक्क्याला त्यांनी 'अहाहा' म्हटलं.

तर तुम्ही, जे इथवर माझ्यापाशी थांबलात, एवढं करा. शिक्का किती गोल आहे ते बघू नका. पोस्टमास्तरांना माफ करा असंही मला सांगू नका, मी केलेलं नाही आणि करणार नाही. म्हातारा झालो म्हणून काय झालं? फक्त आकडे वाचा. मोठ्याने वाचा, बाकावर बसलेल्या बाईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. नऊ चाळीसला आला. चार दहाला दिला. चार पस्तीसला पोचवला. पोस्टमन नंबर सात.

एवढं म्हणून मग खुशाल पुढे जा.